शब्दचर्चा : गुरू ‘करणे’ आणि कान ‘फुंकणे’

वावर :
आमच्या गावाकडं (यवतमाळ जिल्हा) आजीच्या वयाच्या बाया म्हणतात, “म्या गुरू केला हाये.” परवा पोरीनं विचारलं, गुरू भेटतो, मिळतो, लाभतो, ‘करतात’ कसा? मला उत्तर देता आलं नाही. दुसरं असं की तंत्रमार्गात, म्हणजे मंत्र, दीक्षा आणि पूजेच्या साधनेत, गुरूला देवाच्याही आधी पूजतात. तो गुरू आणि आमच्या आजीचा कान फुंकणारा, म्हणजे कानात मंत्र देणारा गुरू, हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आणि ‘गु म्हणजे अंधार, रु म्हणजे प्रकाश’ ही व्युत्पत्ती खरी मानायची का?

पांदण :
व्युत्पत्तीचं आधी सांगतो, कारण ते लवकर आटोपतं. संस्कृतात ‘गुरु’ हे मुळात विशेषण, अर्थ जड, वजनदार. लघुच्या उलट. छंदातला लघु-गुरू तोच, गुरुत्वाकर्षणातला गुरू तोच. भाषेच्या हिशेबानं शब्द इथून आला. ‘गु’ आणि ‘रु’ असे दोन तुकडे करणं हे निरुक्त आहे, म्हणजे शब्दात अर्थ पाहण्याची जुनी रीत. ती खोटी नव्हे, तिचं काम वेगळं. त्यातही एक फरक बघण्यासारखा आहे. गुरुगीतेत ‘रु’ म्हणजे तेज. अद्वयतारक उपनिषदात मात्र ‘रुशब्दस्तन्निरोधकः’, म्हणजे अंधाराला अडवणारा. गुरू उजेड आणून देतो की फक्त अंधार बाजूला करतो, यात बरंच अंतर आहे. कुलार्णवतंत्र या तंत्रग्रंथाचा शेवटचा, सतरावा उल्लास (अध्याय) तर बहुतांशी असल्या शब्दचर्चेचाच आहे. तिथं ‘गुरु’ शब्दातला ग सिद्धी देणारा, र पाप जाळणारा आणि उ म्हणजे शंभू. आपण आज करतोय ते काम त्या ग्रंथानं पूजेचा भाग म्हणून केलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मुख्य गोष्ट. तंत्रात गुरू म्हणजे कोण? शिवसूत्रं या काश्मीरच्या शैव ग्रंथात दोनच शब्दांचं सूत्र आहे : ‘गुरुरुपायः’. गुरू हाच उपाय. त्यावर टीका लिहिताना क्षेमराज असंही म्हणतो की गुरू म्हणजे परमेश्वराची अनुग्रह करणारी शक्ती. शक्ती! माणूस नव्हे. माणसाच्या रूपानं ती आपल्यापर्यंत पोचते, एवढंच. श्रीविद्येच्या, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासनेच्या पूजेत गुरूंच्या तीन रांगा पूजतात : दिव्यौघ, सिद्धौघ, मानवौघ. यातला ‘ओघ’ आपलाच, पाण्याचा ओघ, बोलण्याचा ओघ. वरून देवांमधून, मग सिद्धांमधून, मग तुमच्याआमच्यासारख्या माणसांमधून वाहत आलेलं पाणी. आपल्यासमोर बसलेला गुरू म्हणजे त्या ओघाचा शेवटचा घाट, जिथं आपल्याला ओंजळ भरता येते. पूजा घाटाची नसते, पण घाटाशिवाय पाण्यात उतरताही येत नाही.

म्हणूनच पहाटेच्या ध्यानात गुरूला डोक्यातल्या पांढऱ्या कमळावर बसवतात, आणि तो ‘द्विनेत्रं द्विभुजं’ असतो. दोन डोळे, दोन हात. देवांना चार हात, तीन डोळे. गुरू मात्र माणसासारखा. कुलार्णव तर म्हणतं, तीन डोळे नसलेला शिव, चार हात नसलेला विष्णू आणि चार तोंडं नसलेला ब्रह्मा म्हणजे गुरू. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

आता ‘कान फुंकणे’. माझ्या आजीचा कान फुंकला होता. गोसाव्यानं दोघांच्या डोक्यावरून उपरणं घेतलं आणि तिच्या उजव्या कानात काही सांगितलं. काय, ते तिनं आजोबांनाही सांगितलं नाही. मी लहानपणी खूप मागं लागलो होतो. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, “काहाले इचारतं रे बापा? सांगतलं त मंग मायापाशी राहिलं काय?” आणि फुंकणी घेऊन राखेखालचा इस्तो फुंकायला लागली. फुंकणीतून काही विस्तव येत नाही. विस्तव राखेखाली होताच. फुंकरीनं तो जागा होतो. तंत्रग्रंथ मंत्राबद्दल हेच सांगतात : पुस्तकातून उतरवून घेतलेला मंत्र नुसती अक्षरं, गुरूच्या मुखातून आला की त्यात चैतन्य येतं. मालिनीविजय या तंत्रग्रंथात गुरूची ओळखच ‘मन्त्रवीर्यप्रकाशकः’ अशी दिली आहे, मंत्रातलं बळ उघडं करणारा. ‘फुंकणे’ हे क्रियापद आपल्या बायांनी चुलीवरून उचललं की गोसाव्यांनी आणलं, काही असो, ते अर्थाला नेमकं बसलं आहे.

धुरकरी :
दादा, लिहिलं छान, पण एक बाजू राहिली. ‘कान फुंकणे’ म्हणजे चहाडी करणे, एखाद्याच्या मनात विष कालवणे हा अर्थही आपल्याकडं रोजचा आहे. शब्दाला तो डाग उगाच नाही पडला. आमच्या मामीचा कान एकानं फुंकला. आधी नारळ-धोतर, मग दर अमावास्येला काहीतरी, मग घरातल्या दुखण्यावर ‘तांत्रिक पूजा’. दोन बकऱ्या गेल्या, डोरलं गहाण पडलं. मामानं विचारलं तर, “गुरूवर संशय घेतला तर मंत्र उलटते.” आज आमच्या गावात ‘तांत्रिक’ म्हटलं की लोक कडी लावून घेतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच नाही झाला.

पांदण :
धुरकरी, मामीचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी जराही टाळत नाही, आणि तंत्रानंही ते टाळलेलं नाही. त्याच कुलार्णवात म्हटलं आहे : ‘गुरवो बहवः सन्ति शिष्यवित्तापहारकाः’. शिष्याचं धन हरणारे गुरू पुष्कळ, संताप हरणारा दुर्मीळ. आणि ‘मंत्र उलटते’ म्हणणाऱ्याला तोच ग्रंथ दाखवा : मधाच्या ओढीनं भुंगा जसा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो, तसं ज्ञानाची ओढ असलेल्या शिष्यानं एका गुरूकडून दुसऱ्याकडं जावं. गुरू सोडता येतो, हे तंत्रानं लिहून ठेवलं आहे.

इथंच वावर यांच्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मराठीत नातं आपण पारखून, आपल्या मर्जीनं जोडलं की ‘करणे’ येतं : सोयरा केला, वकील केला, मुखत्यार केला. ‘गुरू केला’ त्याच रांगेतला. आधी दोघांनी एकमेकांची पारख करावी, हा तंत्राचा नियमच आहे. तुमच्या मामीनं गुरू केला नव्हता, तिच्यावर तो लादला गेला होता.

निंबोणी :
गुरू म्हणजे देह नव्हे, याचा आपल्या मातीतला दाखला देते. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ज्ञानेश्वरांना गुरू मानत आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. मध्ये ६०० वर्षांचं अंतर! आणि ज्ञानेश्वरांची परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी. यातल्या मत्स्येंद्राला, म्हणजे मच्छंदाला, काश्मीरच्या अभिनवगुप्तानं आपल्या तंत्रालोक या ग्रंथात वंदन केलं आहे. म्हणजे वारकऱ्यांचा ओघ आणि तंत्राचा ओघ वर कुठंतरी एकाच पाणवठ्याला मिळतो. तुकडोजी महाराजांच्या मोझरीकडं लोक एकमेकांना ‘जयगुरू’ म्हणतात. त्यात कुणाचं नाव नाही, हे आत्ता लक्षात आलं.

आणखी एक. कुलार्णवात दीक्षेला तीन जनावरांची उपमा आहे. पक्षीण पिलांना पंखाखाली घेऊन वाढवते ती स्पर्शदीक्षा, मासोळी नुसत्या नजरेनं ती दृग्दीक्षा, कासवी नुसत्या आठवणीनं ती वेधदीक्षा. आपले संत मात्र कासवीच्या नजरेचं बोलतात. मराठीत येताना मासोळीची नजर कासवीला मिळाली.

लेखनाचं : सुटा शब्द ‘गुरू’, समासात ‘गुरुमंत्र’, ‘गुरुवार’.

वावर :
पोरीला वाचून दाखवलं. ती उठून आजीकडं गेली आणि थेट विचारलं, “आजी, तू गुरू केला तवा पारखला होता का वो?” आजी तूर निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “तीन वर्सं पाह्यला. मंग कान देल्ला.”

‘कान देणे’ची नोंद करून ठेवतो.