एचआयव्हीबाधितांची संख्या वाढली, तरी साथ ओसरते आहे असे का म्हणतात?

जिज्ञासू: राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात २४.०१ लाख एचआयव्हीबाधित होते. २०२३ च्या अंदाजात हाच आकडा २५.४४ लाख आहे. तरीही साथ ओसरत असल्याचे सांगितले जाते, ते कशाच्या आधारावर? गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) यांसारख्या इतर लैंगिक आजारांचे चित्रही असेच आहे का?

आकडेमोड: आपण दिलेले दोन आकडे अंदाज काढण्याच्या दोन वेगळ्या फेऱ्यांतील आहेत. प्रत्येक फेरीत नवी माहिती घालून मागील सर्व वर्षांचे अंदाज पुन्हा काढले जातात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. २००७ मध्ये तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती मिळताच देशाचा अंदाज पन्नास लाखांवरून सुमारे पंचवीस लाखांवर आला होता. त्यामागे एका वर्षात झालेला कोणताही चमत्कार नव्हता.

एकाच फेरीत राहून पाहिल्यास, २०२३ मध्ये सुमारे ६८ हजार नवे संसर्ग आणि सुमारे ३६ हजार एड्ससंबंधित मृत्यू झाले. २०१० च्या तुलनेत नवे संसर्ग ४४ टक्क्यांनी, तर मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले आहेत. एप्रिल २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच ती सुरू करण्याचे धोरण आले, म्हणून माणसे जगत आहेत आणि एकूण संख्या वाढत आहे. ही वाढ मला तरी चांगली बातमी वाटते. चिंता आहे ती राष्ट्रीय सरासरीआड दडणाऱ्या राज्यांची: २०२३ मध्ये देशाचे प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण ०.२० टक्के असताना मिझोराममध्ये ते २.७३ टक्के होते.

समुपदेशिका: इतर लैंगिक आजारांबाबत इतक्या ठामपणे बोलता येणार नाही. आपल्याकडे सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी उपचार केंद्रांत, बहुतांशी लक्षणांवरून उपचार होतात. स्राव होत असलेल्या रुग्णाला करड्या रंगाच्या तयार औषध-संचातील (किट) अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही प्रतिजैविके दिली जातात; तो बरा होतो, पण त्याला परमा होता की क्लॅमिडिया हा दुसरा जिवाणूजन्य लैंगिक आजार, याची नोंद प्रयोगशाळेत कोठेच होत नाही. अनेक स्त्रियांना तर या दोन्ही आजारांत लक्षणेच जाणवत नाहीत, आणि परस्पर औषधाच्या दुकानातून गोळ्या घेणारे मोजले जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे केंद्रांवरील नोंदी वाढल्या, तर आजार वाढला की तपासणी वाढली, हे आधी विचारावे लागते.

गरमीची स्थिती थोडी बरी आहे, कारण गरोदरपणी बोटातील रक्ताच्या थेंबावर एचआयव्ही आणि गरमी या दोन्हींची चाचणी एकाच पट्टीवर करता येते. एचआयव्हीची रेघ उमटली नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या बाईला शेजारची गरमीची रेघ समजावून सांगणे फार महत्त्वाचे असते, कारण वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बाळाचा संसर्ग टळू शकतो. मात्र नवऱ्यानेही उपचार घेतले नाहीत, तर तिला पुन्हा लागण होऊ शकते.

जिज्ञासू: दोघांचेही आभार. म्हणजे एचआयव्हीसाठी एकाच फेरीतील नवे संसर्ग पाहावेत आणि इतर आजारांच्या आकड्यांसोबत तपासण्या किती झाल्या हेही विचारावे, असे मी समजतो.

आकडेमोड: होय, आणि शक्य असेल तेथे आकडे राज्यवार पाहावेत.