सावधगिरी, खबरदारी की दक्षता? तातडीने मदत हवी आहे

पऱ्हाटी: मंडळी, या तीनपैकी एकच शब्द मथळ्यात घ्यायचाय. नेमका अर्थ, उगम, कुठे कोणता वापरतात ते सांगा. फलक उद्या सकाळी छपाईला जातोय, लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठ: कसला फलक? वाचणार कोण?

शब्दवेडा: खबरदारी नकोच. 'खबर' अरबी, 'दार' फारसी. आपला शब्द असताना उसना कशाला? सावधगिरी लिहा.

तळटीप: सावधगिरीतली 'गिरी' कुठली मग? फारसीच, गुलामगिरीत आहे तीच. 'सावध' तेवढा संस्कृत: स + अवधान, म्हणजे लक्ष जागेवर असलेला. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. बेशुद्ध माणूस डोळे उघडतो तेव्हा आपण 'सावध झाला' म्हणतो, तेही यातूनच.

शब्दवेडा: ठीक, मग दक्षता. ती तर निव्वळ संस्कृत.

तळटीप: संस्कृतात दक्ष म्हणजे मुळात कुशल, तरबेज. जागरूक हा अर्थ मराठीत रुळला. आणि आज दक्षता म्हटलं की आधी दक्षता पथक आठवतं.

मोगरा: सावधगिरीत गि ऱ्हस्व, री दीर्घ. बरेच जण 'गीरी' लिहितात.

पऱ्हाटी: शुद्धलेखन नाही विचारलं हो. कृषी केंद्राबाहेर लावायचाय, फवारणीचा फलक. खाली हातमोजे, मास्क, चष्मा अशी यादी आहे.

गोदाकाठ: हे आधी सांगायचं ना! यादी आहे म्हणजे खबरदारीच. खबरदारी घेतात, ती आधी करून ठेवायची असते. सावधगिरी बाळगतात, ती काम करताना वागण्यात दिसते.

शब्दवेडा: पण त्यात धमकी आहे. 'खबरदार, पुढे आलास तर!'

गोदाकाठ: ते नुसतं 'खबरदार'. 'खबरदारी घ्या' वाचून कोणी दचकत नाही.

मोगरा: साधं 'काळजी घ्या' का नको? सगळ्यांना कळतं.

तळटीप: कळतं, पण ते निरोप देतानाही म्हणतात. शिवाय काळजी घेणं वेगळं, काळजी करणं वेगळं. फलकावर मोघमपणा नको.

वऱ्हाडी मानूस: शब्द कोनताबी ठेवा भाऊ, पन डब्यावरचा त्रिकोन मोठा छापा. लाल सगळ्यात जहाल, मंग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मंदी यवतमाळात फवारनीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर गेले. लय जनाईले रंगाचा अर्थच ठाऊक नसते.

शब्दवेडा: त्रिकोणाचं बरोबर आहे. खबरदारीला माझी अजूनही हरकत आहे.

पऱ्हाटी: ठरलं. 'फवारणीआधी ही खबरदारी घ्या', शेजारी चारही त्रिकोण अर्थासकट. आता वाऱ्याची एक ओळ हवीय, सोप्या शब्दांत. कोणी देईल का?

वऱ्हाडी मानूस: लिहा: 'वारा पाठीमागून असेल तरच फवारा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.'