इंजिन बांधायचं की गाडीच बदलायची? तुमचे अनुभव लिहा

कांदेकरी

निफाड तालुक्यातली आमची टाटा चारशेसात, छोटा ट्रक, एप्रिल २०१२ ची. कांदा, द्राक्षाचे क्रेट, टोमॅटो, लग्नसराईत मंडपाचे बांबू, जे मिळेल ते वाहिलं. मीटर ४ लाख ८० हजारांवर बंद पडलं, त्यालाही दोन वर्षं झाली, पुढचं तुम्हीच धरा.

आता हजार किलोमीटरला दोन-अडीच लिटर ऑईल लागतंय. ब्रीदरच्या नळीतून ओल्या लाकडाच्या चुलीसारखा धूर येतो. वाशीहून रिकामी येतानाही कसारा दुसऱ्या गिअरवर चढते आणि मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमतात. मिस्त्री म्हणतो फुल इंजिन काढू, म्हणजे सगळं उघडून झिजलेलं बदलून पुन्हा बांधू, १ लाख ४० हजार, पंप-नोझलचं निघालं तर वेगळं. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या कर्जाला साडेदहा टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता २५,६०० बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेव्हापासून शोरूमवाल्याचा दर आठवड्याला फोन.

वडील म्हणतात, हिच्यावर दोन पोरींची लग्नं केली, हिला मोडीत घालू नको. बायको म्हणते, लग्नं झाली ना, मग घाला आता.

ज्यांनी इंजिन बांधलंय किंवा न बांधता गाडी काढून टाकलीय, त्यांनी पुढे काय झालं ते लिहा. आकड्यांसकट लिहा, आणि पस्तावला असाल तर तेही लपवू नका.

उद्यमनगरी

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करतो, बावीस वर्षं झाली. माझं पोट इंजिन बांधणाऱ्यांवरच आहे, तरी सांगतो, नुसता धूर बघून इंजिन उघडू नका. निळा धूर व्हॉल्व्ह सीलचा असतो, टर्बो असेल तर टर्बोच्या सीलचाही असतो. तीन-चार हजारांच्या कामासाठी लाखाचं इंजिन उघडलेली माणसं मी दरवर्षी बघतो.

घरी करण्यासारखी परीक्षा सांगतो. इंजिन चांगलं तापू द्या, चालू ठेवा, ऑईल भरायची टोपी काढून त्याच तोंडावर उलटी नुसती ठेवा. टोपी जागेवर थरथरली तर ठीक. उडून पडली तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक, गेलेत, पिस्टनवरचा दाब खाली उतरतोय. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. चारपैकी एकच कमी असेल तर गोष्ट वेगळी, चारही सारखेच खाली असतील तर झीज सगळीकडे आहे.

हेड उतरल्यावर बोअरच्या वरच्या काठावरून नख फिरवा. वरची रिंग जिथपर्यंत येते त्याच्या वर बोअर कोरं राहतं आणि खालचं झिजतं, तिथे पायरी पडते. नख अडकलं की गेज लावायच्या आधीच मला उत्तर कळतं. लायनर, म्हणजे बोअरचं आतलं अस्तर, बदलता येतो, त्याची चिंता नको. खरी भानगड क्रँकची, पिस्टनच्या जोरावर फिरतो त्या दांड्याची. क्रँक आधी कधी ग्राइंड झालाय का, म्हणजे घासून बारीक केलाय का, कितीवर झालाय, हे मिस्त्रीला विचारा. कोरा असेल तर ०.२५ मिलिमीटर, मग ०.५०, मग ०.७५ असा प्रवास असतो. तुमचा आधीच शेवटच्या मापावर असेल तर नवा क्रँक धरा, आणि मग १ लाख ४० हजारांचा आकडा विसरा. उलट क्रँक कोरा आणि बेअरिंगं स्वच्छ निघाली तर हाफ इंजिनवर भागेल: हेड, लायनर-पिस्टन, रिंगा, क्रँकला हात नाही.

आणखी एक. एका गिऱ्हाइकाचं इंजिन आम्ही बांधलं, तीन महिन्यांत पिस्टन चिकटून परत. माझ्यावर ओरडत आला. रॅडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या चुन्याने बुजलेल्या, वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं. त्याने रॅडिएटरचे साडेचार हजार वाचवले होते. शिवाय दुसऱ्याच दिवशी उसाची भरगच्च खेप मारली होती, हे नंतर त्याच्या ड्रायव्हरने सांगितलं. बांधलेलं इंजिन पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलक्या वजनावर फिरवायचं आणि मग ऑईल बदलायचं, एवढं ऐकायला कुणालाच वेळ नसतो.

सुरमई

मालवण बंदरातून कोल्हापूरला मासळी नेतो आम्ही. पिकअप माझ्या नावावर आहे, चालवते बहुतेक वेळा मीच. २०१३ ची गाडी. लॉकडाऊननंतर धंदा पुन्हा उभा राहिला तेव्हा, २०२१ ला, इंजिन बांधलं, ९५ हजार. गाडी अशी पळायची की फोंडा घाट कधी संपला कळायचं नाही.

दहा महिन्यांनी त्याच घाटात मागून करकर ऐकू यायला लागली. वाटलं कमानपाटा तुटला. गॅरेजवाला खाली शिरला आणि पाच मिनिटं बोललाच नाही. मागच्या पाट्याचं ब्रॅकेट जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतं, तिथे चेसिसच फाटली होती. आठ वर्षं बर्फाचं खारं पाणी क्रेटमधून हौद्यात आणि हौद्याच्या फटीतून बरोबर त्याच जागी ठिबकत होतं. वरून रंग छान होता, दर दिवाळीला मारायचो. वेल्डरला बोलावलं तर तो म्हणाला, "ताई, वेल्डिंग धरायला लोखंड तर पाहिजे!"

सासरे मालवणीत एवढंच म्हणाले, "काळीज बदललास, पण हाडां तीच रवली."

बांधलेलं इंजिन ४० हजारांना सुटं गेलं, बाकीची गाडी किलोवर. इंजिन बंदरावरच्याच एका गाडीत बसलंय. पहाटे लिलावाला उभी असते, स्टार्ट झाली की आवाजावरून ओळखते मी.

तर दादा, मिस्त्रीला अॅडव्हान्स द्यायच्या आधी एक मोठा पेचकस आणि टॉर्च घेऊन स्वतः गाडीखाली जा. पाट्यांची ब्रॅकेटं, क्रॉस मेंबर, केबिन जिथे बसते ते कोपरे, सगळीकडे जोर लावून टोचा. खणखणीत आवाज आला तर पुढचा विचार करा. तुमच्याकडे समुद्र नाही, पण कांद्याचं पाणीही गळतंच की.

मांजराकाठ

लातूर. मी शहाणपणा केला. बांधायला लाख लागणार म्हणून जुन्या बाजारातून अपघातातल्या गाडीचं अख्खं इंजिन आणलं, ६५ हजार. एका दिवसात बसलं, दोन वर्षं तक्रार नाही. पावती म्हणजे एका कागदावर शिक्का, त्यावर इंजिन नंबरच नव्हता. मी विचारलाही नाही.

मग तुळजापूरजवळ समोरून ठोकली. विम्याच्या सर्व्हेअरने इंजिनवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळवला, तो जुळेना. क्लेम नऊ महिने अडकला. चोरीचं इंजिन नाही हे सिद्ध करायला मी पोलीस ठाण्यात किती वेळा बसलो याचा हिशोब ठेवला नाही. शेवटी मिळाले ते मागितल्याच्या निम्मे.

तेव्हा वाचलं, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची परवानगी, विमा कंपनीलाही पत्र. मात्र तुमचाच ब्लॉक ठेवून बांधलं तर नंबर तोच राहतो, यातलं काहीच लागत नाही. बांधणं आणि बदलणं यातला हा फरक मिस्त्री कधी सांगत नाही, कारण त्याला दोन्ही सारखंच.

कांदेकरी

टोपी ठेवून बघितली. उडून थेट खाली जमिनीवर. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच खाली आहे. २०१८ ला रिंगा बदलल्या होत्या, क्रँकला तेव्हा हात लावला नव्हता असं मिस्त्री शपथेवर सांगतोय. पेचकसाचं रविवारी.

चाकण चौक

मी नवी घेतली. जानेवारी २०२०, बीएस-सहा, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, येणार म्हणून जुन्या बीएस-चारवर घसघशीत सूट होती, मी खूश. मार्चअखेर लॉकडाऊन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आपण घेतली. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं, हे नंतर स्टेटमेंट बघून कळलं. कर्ज सात महिने लांबलं.

तरी पस्तावलो नाही, कारण माझं काम कंपनीच्या गेटवरचं आहे. ठेकेदाराला आठ वर्षांच्या आतलीच गाडी चालते, इंजिन काल बांधलेलं असो नाहीतर आज. तुम्हाला बाजार समितीच्या गेटवर गाडीचं वय कोण विचारतंय?

दुसरी २०२२ ला घेतली, बीएस-सहा. हिला डिझेलबरोबर युरियाचं द्रावण लागतं, ते संपत आलं की दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की गाडी जोर सोडते. रस्त्यावर बंद पडली तर पाना घेऊन येणारा मिस्त्री उपयोगाचा नाही, लॅपटॉपवाला लागतो. खेड्यात हे लक्षात ठेवा.

दहाटायरी

डिचोली, गोवा. २०१२ च्या पावसात, खाणींच्या सीझनच्या आधी, टिपरचं इंजिन बांधून घेतलं, दोन लाखांच्या वर गेलं. पावसाळा संपला आणि खाणी सुरू होण्याऐवजी बंद झाल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. नवं कोरं इंजिन घेऊन टिपर माडाखाली उभा. उंदरांनी वायरिंग खाल्लं, टाकीत पाणी धरलं, पंप जाम झाला. खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा परत खर्च केला, मार्च २०१८ ला परत बंद. विकला तेव्हा किती आले ते इथे लिहीत नाही.

इंजिनाबद्दल मला काही कळत नाही. मी फक्त म्हणतो, ज्याचा माल वाहता त्याच्याकडे आधी जाऊन या.

कृष्णाकाठ

वाळवा. उसाची सहाचाकी, १९९९ ची. इंजिन दोनदा बांधलं, तिसऱ्यांदाही बांधलं असतं. पण आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, वर पर्यावरण कर, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या ट्रकची फिटनेस फी दीड हजाराची एकदम साडेबारा हजार झाली. इंजिन कोरं झालं तरी कागदावरचं वय वाढतंच. शेवटी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली. लोखंडाचा भाव ऐकून तोंड कडू झालं, पण जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. मला काय उपयोग, मी पाच वर्षांची जुनी घेतली. पहिल्याच हंगामात क्लच, टर्बो आणि मागचे चार टायर मिळून ८५ हजार.

किन्नर ते ड्रायव्हर

मालक नाही, ड्रायव्हर आहे, तरी लिहितो. आमच्या मालकाने मागच्या साली इंजिन बांधलं. गाडी ओढायला लागली तसा मालकाचाही हात सुटला, खेपेला टनभर जास्त भरायला लागला. ब्रेक ड्रम मात्र तेच, झिजून काठ आलेले. खंबाटकी उतरताना एकदा पेडल खाली गेलं ते वर येईना. गिअर खाली टाकत टाकत, हँडब्रेक ओढत कशीबशी कडेला घेतली. ब्रेक लायनरच्या जळक्या वासाने आजही पोटात कालवतं.

भाऊ, तुम्ही वाशीला भरलेली गाडी घेऊन कसारा उतरता. चढायचं कौतुक नंतर करा. इंजिनाच्या बिलात ब्रेकचे ड्रम, लायनर आणि व्हील सिलिंडर आधी लिहा. आणि जमलं तर ड्रायव्हर सीटखालचं पत्र्याचं झाकण नीट बसवून घ्या, पाय भाजतात. हे कुणी विचारत नाही.

कांदेकरी

रविवारी तासभर गाडीखाली होतो, मातीने डोळे भरले. चेसिस खणखणीत आहे. केबिनच्या डाव्या कोपऱ्यात पेचकस आरपार गेला, मागच्या एका क्रॉस मेंबरला पापुद्रा सुटलाय. वेल्डर दोन्हीचे सहा हजार म्हणतो, आणि आमच्याकडे धरायला लोखंड आहे, सुरमईताई. ड्रम काढले, काठ इतका आलाय की बोट अडकतं. मीच चालवत होतो ही गाडी, चौदा वर्षं.

व्यापाऱ्याकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, उन्हाळी कांदा निघेपर्यंत माल आहे, पुढचं निर्यातीचं धोरण ठरवेल. एप्रिल २०२७ ला पंधरा वर्षं भरतात, म्हणजे अजून एकच हंगाम स्वस्तात पासिंग.

आज इंजिनाचा खालचा चेंबर उतरवला. बेअरिंगं कोऱ्या मापाची निघाली, क्रँकवर ओरखडा नाही. हाफ इंजिन, नवीन रॅडिएटर, चारही ड्रम, वेल्डिंग आणि पायाखालचं झाकण, सगळं मिळून ९८ हजारांवर मिस्त्रीला तयार केलं. शोरूमवाल्याला दिवाळीनंतर फोन करा म्हणालो.

वडील सकाळपासून गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले होते. मिस्त्रीने जुना पिस्टन काढून कडेला ठेवला, तो त्यांनी उचलला, पायजम्याला पुसला आणि बाजाराच्या पिशवीत टाकला.