पीएचडी संपत आली, पुढचं काहीच ठरत नाही

कार्बनी:
सेंद्रिय संश्लेषणात, म्हणजे प्रयोगशाळेत कार्बनी रेणू बनवण्यात, पीएचडी करते आहे, प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं उरलीत. पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंट (औषध बनवण्याची पद्धत बसवणं) किंवा अॅनालिटिकल (बनलेलं तपासणं), असे तीन पर्याय आहेत. गाइड म्हणतात पोस्टडॉकच कर. माझं मन मात्र रोज वेगळं सांगतं. तुम्हाला निवडताना खात्री होती का?

ब्युरेट:
नव्हती. मीही संश्लेषणातलीच. प्रोसेसमध्ये नोकरी धरली, तिथे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारं यंत्र) मुख्य पीकला चिकटून एक अशुद्धी सारखी दिसायची. ती कोण हे शोधताना मास स्पेक आणि एनएमआर या रेणू ओळखायच्या तंत्रांमध्ये अशी गुंतले, की रेणू बनवण्यापेक्षा ओळखण्यात आपला जीव रमतो हे तेव्हा उमगलं. आज अॅनालिटिकलमध्येच आहे. नुसता विचार करून हे मला कधीच कळलं नसतं.

हायड्रोजनचा अणुभार आपण सगळे एकच आकडा म्हणून पाठ करतो ना? आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये तो १.००७८४ ते १.००८११ असा पट्टा म्हणून जाहीर केला. ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, प्रमाण नमुन्यागणिक बदलतं, त्यामुळे कितीही काटेकोर मोजलं तरी सगळ्या नमुन्यांना लागू पडेल असा एकच नेमका आकडा मिळणार नाही. ब्युरेटच्या, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचनळीच्या, वाचनातली चूक मात्र पुन्हा टायट्रेशन (तीच मोजणी) करून कमी होते. तुमच्या शंकाही अशाच वेगळ्या करा. ज्या ग्रुपमध्ये पोस्टडॉक कराल तिथून बाहेर पडलेले लोक आज काय करतात, कंपनीत पहिल्या वर्षी प्रत्यक्ष बेंचवर किती काम मिळतं, हे विचारून कळतं. ते विचाराच. पाच वर्षांनी तुम्हाला काय आवडेल हे कुणाला विचारून कळणार नाही, त्यासाठी निर्णय अडवून ठेवू नका.

स्फटिक:
ब्युरेटताईंशी सहमत, पण पैशांचं कुणी बोललं नाही. घरची जबाबदारी असेल तर अनिश्चितता पेलणं फार जड जातं. तो विचार आधी करा, त्यात कमीपणा नाही.

आणि पोस्टडॉक नाही केला तर संशोधन संपलं, असं मानू नका. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स पेडरसन यांनी पीएचडीही केली नव्हती. ड्यूपाँ या रसायन कंपनीत त्यांच्या एका अभिक्रियेत कॅटेकॉल या संयुगाची भेसळ राहिली होती. हाती तपकिरी चिकटा आला आणि त्यातून जेमतेम ०.४ टक्के पांढरे स्फटिक. ते टाकून न देता त्यांनी तपासले, तोच पहिला क्राउन ईथर, धातूचा आयन मधे धरून ठेवणारा कड्यासारखा रेणू. शोधनिबंध १९६७ चा, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. नोबेल १९८७ मध्ये.

कार्बनी:
घरी दोन वर्षं तरी पगार लागेल, हे लिहायला संकोच वाटत होता. म्हणजे पोस्टडॉक आत्ता नाही. प्रोसेस की अॅनालिटिकल हे बाकी आहे. ब्युरेटताई, अशुद्धी ओळखण्याचं काम तुमच्याकडे नवीन माणसाला मिळतं का, की आधी नुसतं रूटीन टेस्टिंग?

ब्युरेट:
पहिले काही महिने रूटीनच. मुलाखतीत मेथड डेव्हलपमेंट (तपासणीची नवी पद्धत बसवणं) कोण करतं ते विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर प्रोसेसची ऑफर आधी बघा.