मराठवाड्यात चासी गंजत नाही म्हणे!

काळी_माती (लातूर):
एका ग्रुपवर पोस्ट फिरतेय: "मराठवाडा कोरडा. इथं जुन्या जीपच्या चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्यानं गंज उडवणं), एपॉक्सी (चिवट रंग) हे मुंबईकरांचे चोचले. जळकं ऑईल मारा अन् विसरा." खाली अंगठ्यांचा पाऊस.

माझी महिंद्रा ५४० जीप सध्या बॉडी उतरवून ठोकळ्यांवर आहे. वरून चासी झकास. मागचा पाटा (स्प्रिंग) जिथं टांगलाय त्या हँगरजवळ, चासीच्या पन्हाळीसारख्या चॅनलमध्ये स्क्रूड्रायव्हर घातला, तर आधी काळ्या मातीचा वाळका गारा निघाला अन् त्यामागून लोखंडाचे पापुद्रे. आपली माती पाणी धरून बसते. रस्ता दोन दिवसांत वाळतो, चॅनलमधला गारा नाही. वरून खताची पोती! पोटॅश म्हणजे क्लोराईड, लोखंडाच्या दृष्टीनं मिठाचाच सख्खा भाऊ. पोतं फाटलं की सगळं फ्लोअरच्या भोकातून खाली. धुवायला पुन्हा बोअरचं खारं पाणी. समुद्र कशाला पाहिजे?

बॉडी उतरलीय तोवरच काय ते करून घ्या. ब्लास्टिंग, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. एपॉक्सी एकटा उन्हात टिकत नाही. अन् जिथं दुहेरी पत्रा आहे तिथं आतून वॅक्स.

तात्या_स्टेपनी (अंबाजोगाई):
लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् तुम्ही तिथून ओलाव्याचं सांगायलाव? कमाल आहे राव.
आमची जीप अंबाजोगाई-परळी काळीपिवळी होती. वडील दरवर्षी मृगाच्या आधी जळकं ऑईल मारायचे. चासी आजही टणक. पुढून तर कधीच गंजली नाही, कारण इंजिन स्वतःच गळायचं. प्युजो इंजिननं फुकटात अंडरकोटिंग (खालून लेप) दिलंय.

काळी_माती:
तात्या, जळक्या ऑईलमध्ये आम्ल उतरलेलं असतं. बॉडी माउंटचे अन् शॉकअपचे रबर फुगतात, धुरळा चिकटून लेप बसतो. अन् उद्या रंग द्यायचा म्हटलं तर कुठलाच प्रायमर धरत नाही.

वाळूजकर:
दोघंही जुन्या जमान्यात. वाळूजला या, पावडर कोटिंग करा, २०० डिग्रीच्या आसपास भाजून निघतं. दगड लागला तरी सहज उडत नाही.

जिप्सी_नांदेड:
अन् रिबिटांच्या फटीत काय जातं? पावडर वरवर बसते, फटीत पाणी शिरतं, कातडीखाली गंज पसरत जातो अन् वरून सगळं चकाचक. माझ्या जिप्सीची तर चासी पेटीची, म्हणजे चारी बाजूंनी बंद, आतला गाळ दिसतच नाही. जस्तात बुडवायची म्हटलं तर भट्टी ४५० डिग्रीची, चासी वाकली तर कोण जबाबदार? अन् जस्ताखाली चासी नंबर बुजला तर?

शेतकरी_बुलेट (परभणी):
नंबरचं बोललात म्हणून सांगतो. ब्लास्टिंगवाल्याला दहादा बजावलं, नंबरवर टेप लाव. पठ्ठ्यानं तोच आधी उडवला. पासिंगला पेन्सिल प्रिंट काढायला गेलो तर कागदावर नुसती धूसर रेघ. साहेब म्हणाले गाडी चोरीची नाही कशावरून? वडिलार्जित जीप हो! तिथून जे हेलपाटे सुरू झाले…

वाळूजकर:
एजंट धरायचा. तासाचं काम.

शेतकरी_बुलेट:
तुमच्यासारख्यांमुळंच रेट वाढलेत. परवानगीशिवाय नंबर पुन्हा ठोकला तर गुन्हा आहे, माहीत तरी आहे का?

वाळूजकर:
मी ठोका म्हणालो का? वाचायला शिका आधी.

जिप्सी_नांदेड:
पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी हाच तमाशा. गाडी जपणारा चोर, अन् ब्रेक नसलेला उसाचा ट्रॅक्टर रात्री बिनालाईटचा रस्त्यावर मोकाट.

तात्या_स्टेपनी:
आता उसावर कामून आले? ट्रॅक्टर माझा पण आहे. लाईट आहे त्याला.

जिप्सी_नांदेड:
ट्रॉलीला आहे का?

तात्या_स्टेपनी:
विषय चासीचा आहे.

काळी_माती:
आठवलं एकदाचं! रंगाचं काम मे महिन्यातच उरका. श्रावणात ब्लास्टिंग करून रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी लोखंड तांबूस, मग पुन्हा मजुरी. अन् तात्या, पोटॅशचं उत्तर आलं नाही अजून.

तात्या_स्टेपनी:
असेल बुवा तुमचं खरं. आमच्या जीपमध्ये माणसं बसायची, पोती नाही. पंधरा-पंधरा कोंबली तरी माणसातून क्लोराईड गळत नाही. एपॉक्सी मारतो, झालं समाधान? पण चासी नंबरवर ग्रीसच राहणार. साहेबांसमोर फडक्यानं पुसलं की आकडे चमकतात. तुमचा एपॉक्सी तिथं काय खरवडत बसू?

शेतकरी_बुलेट:
तात्या, हे आधी सांगायला काय झालं होतं?