न्यू जर्सी: स्कूल बोर्डाच्या उमेदवारांना पैशांबद्दल नेमकं काय विचारावं?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, दोघंही पब्लिक स्कूलमध्ये. यंदा नागरिकत्व मिळालं, त्यामुळे नोव्हेंबरात मी पहिल्यांदा मतदान करणार आहे. वरच्या पदांबद्दल घरात रोज चर्चा होते, पण माझा जीव अडकलाय तो बॅलटवरच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या रकान्यात. तीन जागा, सात उमेदवार, आणि नावांपुढे पक्ष नाही.

झालंय असं की यंदा डिस्ट्रिक्टनं, म्हणजे इथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेनं, कर्टसी बस बंद केली. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी सांगते: इथे आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून लांब असेल (हायस्कूलला अडीच मैल), तरच बस देणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याच्या आतल्यांना मिळते ती डिस्ट्रिक्टच्या मर्जीनं, तीच कर्टसी बस. आमचं घर दीड मैलावर आहे. मधे चौपदरी काउंटी रोड. त्याचा फुटपाथ गॅस स्टेशनपाशी संपतो, पुढे नुसतं गवत, आणि पावसानंतर तिथे चिखल. मी मुलाला गाडीनं सोडते, पण शेजारच्या घरी भारतातून आजी-आजोबा आलेत, त्यांना इथे गाडी चालवता येत नाही. आई-बाबा कामावर निघून गेलेले असतात. आजोबा नातीचा हात धरून त्या गवतातून शाळेत नेतात आणि बाजूनं ट्रक जात असतात. हे रोज बघवत नाही.

मागच्या आठवड्यात लायब्ररीत उमेदवारांची सभा झाली. वही घेऊन गेले होते. एका गृहस्थांनी सांगितलं, बस परत आणू आणि कर एक डॉलरनंही वाढू देणार नाही. भरपूर टाळ्या. एक निवृत्त शिक्षिका उभ्या आहेत. त्यांचा भर वर्गातली मुलांची संख्या कमी करण्यावर आणि प्राथमिक शाळेतले वाचनाचे खास शिक्षक परत आणण्यावर. ते शिक्षक गेल्या वर्षी कमी केले, माझ्या मुलाला त्यांचाच आधार होता. आणखी एक म्हणाले, प्रशासनातली पदं कापा, पैसे तिथेच आहेत. एक बाई म्हणाल्या, ट्रेंटनला (राज्याच्या राजधानीत) जाऊन राज्याकडून जास्त मदत आणू. एकांना हायस्कूलला टर्फचं (कृत्रिम गवताचं) मैदान हवंय. एकांचं बोलणं इतकं गोलगोल होतं की वहीत काहीच उतरलं नाही. आणि याच हायस्कूलमधून शिकून गेलेला एक तरुण म्हणाला की सगळं परत आणता येणार नाही, दोन शाळांची छपरं आणि बॉयलर आधी, मग बसचा विचार, तोही धोकादायक रस्त्यांपासून सुरुवात करून. त्याला टाळ्या फार पडल्या नाहीत.

आमच्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून जास्त भाग शाळांकडे जातो. दर तीन महिन्यांनी ते बिल भरताना पोटात गोळा येतो, त्यामुळे 'कर नको' म्हणणाऱ्यांचंही मला पटतं. पण बस हवी, शिक्षक हवेत, हेही खरंच आहे. कोणाचं बोलणं हिशेबाला धरून आहे हे ओळखायचं कसं? व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आपलं आडनाव दिसलं की खूण करा' असं फिरतंय. मला तसं मत द्यायचं नाही. कोणाला आतली माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

जमाखर्च:

पाऊलवाट, मी याच राज्यात, दुसऱ्या काउंटीत, दोन टर्म बोर्डावर होतो आणि त्यातला बराच काळ फायनान्स कमिटीत. या कामाला इथे पगार नसतो, त्यामुळे जो उभा राहतो त्याबद्दल मला आधी आदर वाटतो, मग मी त्याचा हिशेब तपासतो.

आधी वेळापत्रक बघा. नोव्हेंबरात निवडून आलेले जानेवारीत शपथ घेतात. शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, म्हणजे चालू वर्षाचं बजेट मंजूर होऊन पैसे खर्चही होत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हर्नरांचं बजेट भाषण होतं, पाठोपाठ प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्याकडून किती मिळणार तो आकडा येतो, मार्चमध्ये प्राथमिक बजेट, आणि एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जनसुनावणी. नवा सदस्य पहिलं खरं मत देतो ते तिथे. जो 'जानेवारीत बस सुरू करतो' म्हणेल त्याला हे माहीत आहे का, बघा.

आता कर. २०१० च्या कायद्यानं डिस्ट्रिक्टला मतदारांची मंजुरी न घेता स्थानिक करवसुली वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आरोग्यविमा किंवा विद्यार्थीसंख्या फारच वाढली तर थोडी सवलत आहे, पण ती मोजकी. अडचण अशी की पगाराचे करार आणि विमा दोन टक्क्यांत बसायला तयार नसतात. त्यामुळे दोन टक्के पूर्ण घेऊनही दर वर्षी काहीतरी कापावं लागतं. तुमची बस अशीच गेली असणार, कारण कायद्यानं सक्ती नसलेल्या खर्चांत ती सगळ्यात ठळक दिसते.

'एक डॉलरही वाढवणार नाही' याचा अर्थ आकड्यांत सांगतो. समजा तुमच्या डिस्ट्रिक्टची करवसुली १० कोटी डॉलर आहे. दोन टक्के म्हणजे २० लाख. ते यंदा सोडले तर फक्त यंदाचे जात नाहीत. पुढच्या वर्षीचे दोन टक्के त्या लहान आकड्यावर मोजले जातात आणि ही तूट दर वर्षी सोबत येते. न वापरलेली वाढ पुढच्या तीन वर्षांत वापरता येते, पण तेव्हा ती एकदम करदात्याच्या अंगावर येते. म्हणून त्या गृहस्थांना विचारा: वीस लाखांतलं काय काय कापणार, त्या ओळी वाचून दाखवा. वाचून दाखवल्या तर ते प्रामाणिक आहेत, मग पटो न पटो.

प्रशासन कापू म्हणणाऱ्यांसाठी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर 'यूझर फ्रेंडली बजेट' नावाचा दस्तऐवज असतो, तो टाकणं सक्तीचं आहे. त्यात दर विद्यार्थ्यामागचा खर्च वेगवेगळा दिलेला असतो: वर्गातला, प्रशासनाचा, इमारतींचा. सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) कराराचा तपशीलही सापडेल. प्रशासनाच्या दर विद्यार्थी खर्चावर राज्याची मर्यादा आधीच आहे. कोणतं पद नको ते सांगता आलं पाहिजे.

ट्रेंटनला भांडायला जावंच, मीही गेलोय. पण राज्याची मदत २००८ च्या सूत्रावर ठरते: गावातल्या मालमत्तेची किंमत आणि रहिवाशांचं उत्पन्न पाहून गावानं स्वतः किती भार उचलावा ते काढतात आणि उरलेलं राज्य देतं. २०१८ च्या कायद्यानं काही डिस्ट्रिक्टची मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं कमी झाली, काहींची वाढली. तुमचं कुठल्या गटात होतं ते आधी शोधा. न आलेल्या मदतीवर बजेट उभं करता येत नाही.

वाचनाच्या शिक्षकांबद्दल एक शंका. कोविडनंतर आलेला केंद्राचा निधी २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपला. कित्येक डिस्ट्रिक्टनी त्यातून कायमची पदं भरली, निधी संपला आणि पदं गेली. तुमच्याकडे तसंच झालं असेल तर शिक्षिकाबाईंना विचारा की त्या पगारांना आता दर वर्षी पुरेल असा पैसा कुठला. एकदाच मिळणारा पैसा आणि दर वर्षीचा खर्च यांची गाठ मारली की दोन वर्षांनी असंच रडू येतं.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यांत मला तो तरुण बरा वाटला. छप्पर, बॉयलर हे काम कॅपिटल रिझर्व्हमधून (इमारतींच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून) किंवा बॉण्डचा रेफरेंडम घेऊन, म्हणजे कर्ज काढायला मतदारांची मंजुरी घेऊन, होतं. रेफरेंडम मंजूर झाला तर पात्र खर्चाच्या किमान ४० टक्के भार राज्य उचलतं, आणि कर्जफेडीचा कर त्या २ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर असतो. म्हणजे छपराचे पैसे आणि बसचे पैसे वेगळ्या खिशांतले. हे त्याला माहीत आहे का, ते जरूर विचारा.

शेवटी, सदस्य एकटा काही करू शकत नाही. बोर्ड धोरण ठरवतं, बजेट मंजूर करतं, सुपरिंटेंडंट नेमतं. बाकीच्या नेमणुका सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय होत नाहीत. 'अमुक मुख्याध्यापकाला काढतो' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

निशिगंध:

जमाखर्च, माहिती उत्तम. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आयईपीवर (खास गरजांच्या मुलासाठी शाळेनं आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेवर) आहे, म्हणून एक गोष्ट जोडते.

आमच्याकडच्या सभेत एका उमेदवारानं 'स्पेशल एज्युकेशनमुळे बजेट कोलमडतंय' असं म्हटलं आणि माझ्या पुढच्या रांगेत लोकांनी माना डोलावल्या. मी तिथे बसून होते. माझ्या मुलाला मिळणारी स्पीच थेरपी ही कोणाची मेहेरबानी नाही, तो कायदा आहे. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं (संसदेनं) हा स्पेशल एज्युकेशनचा कायदा केला तेव्हा जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलेल असं सांगितलं होतं. ते आजवर कधीच पूर्ण पाळलं गेलेलं नाही. तो खड्डा डिस्ट्रिक्ट भरतात आणि बोट आमच्या मुलांकडे दाखवलं जातं.

पाऊलवाट, त्या सातही जणांना विचारा: डिस्ट्रिक्टबाहेरच्या खासगी शाळांत किती मुलं पाठवता, आणि त्यांतल्या काहींसाठी आपल्याच इमारतीत चांगला वर्ग उघडायचा विचार आहे का? बाहेरची फी आणि रोजची लांबची व्हॅन, दोन्ही डिस्ट्रिक्ट भरतं. आमच्याकडे असा वर्ग सुरू झाला. माझ्या मुलाचा व्हॅनमधला वेळ वाचला, तो आता मोठ्या बहिणीच्या शाळेत जातो, जेवणाच्या सुट्टीत ती त्याला दिसते. पैसा वाचतो आणि मूल घराजवळ राहतं. या विषयावर ज्या उमेदवाराचा चेहरा कोरा होतो, त्याला माझं मत नाही.

जमाखर्च:

निशिगंध, अगदी सहमत. असा वर्ग उघडायला पहिल्या वर्षी पैसा लागतो, फायदा नंतर दिसतो. म्हणून घाबरणारं बोर्ड तो पुढे ढकलत राहतं. हा प्रश्न मी माझ्या यादीत वर ठेवेन.

ऑस्टिनकर:

टेक्सासमधलं थोडं. इथे डिस्ट्रिक्टला पैसे पटावरच्या नव्हे, प्रत्यक्ष हजर मुलांच्या सरासरीवर मिळतात. डिसेंबरात तिकिटं स्वस्त पडतात म्हणून आपण शाळा बुडवून मुलांना आधीच भारतात घेऊन जातो, त्याचा फटका शाळेच्या तिजोरीला बसतो. हे कळल्यापासून आम्ही सुट्टीतच जातो. दर विद्यार्थ्यामागची मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकली होती, २०२५ मध्ये त्यात फक्त ५५ डॉलर वाढले. शिवाय श्रीमंत डिस्ट्रिक्टचा पैसा १९९३ पासून राज्य काढून घेतं. तुमच्याकडे निदान स्थानिक करावर बोर्डाचा बराच ताबा आहे.

कोपरा:

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही. मी काही करू शकतो का? आमचीही बस गेली.

जमाखर्च:

कोपरा, भरपूर. बोर्डाच्या सभा कायद्यानं खुल्या असतात आणि लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. नागरिकत्व कोणी विचारत नाही. वेळ थोडा असतो, म्हणून लिहून न्या, आणि तक्रारीबरोबर रस्त्याचं नाव, गाड्यांचा वेग, मुलांची संख्या सांगा. धोकादायक मार्ग ठरवायचं काम टाउनशिपबरोबर (गावाच्या स्थानिक प्रशासनाबरोबर) होतं, तेव्हा टाउनशिप कौन्सिलच्या सभेलाही जा. फुटपाथ शाळा बांधत नाही.

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर यूझर फ्रेंडली बजेट उघडून बसले. वाटलं होतं त्यापेक्षा समजलं. आमच्या डिस्ट्रिक्टची राज्य मदत त्या सात वर्षांत कमी होत गेलेली दिसते, आणि वाचनाचे शिक्षक खरंच कोविडच्या निधीवर होते.

सातही जणांना ईमेल पाठवली: बससाठी कुठली ओळ कमी करणार, एकदाच मिळणारा पैसा पगारांना वापरणार का, आणि निशिगंधताईंचा वर्गाचा प्रश्न जसाच्या तसा. तरुण उमेदवाराचं उत्तर आलं, बजेटमधल्या पानांच्या क्रमांकांसकट. कॅपिटल रिझर्व्ह बससाठी वापरता येत नाही हे त्यानं न विचारता लिहिलं. शिक्षिकाबाईंनी फोन केला. सगळ्या शाळांत वाचनाचे शिक्षक परत आणता येणार नाहीत हे त्यांनी मान्य केलं. पहिली-दुसरीपासून सुरुवात करू म्हणाल्या, आणि त्यासाठी निवृत्तीमुळे रिकाम्या होणाऱ्या जागा सुचवल्या. माझी दोन मतं या दोघांना. 'एक डॉलरही नाही' वाल्यांकडून पत्रक आलं, उत्तर नाही.

तिसऱ्या जागेचं ठरत नाही. ट्रेंटनवाल्या बाईंना पुन्हा विचारणार आहे, मदत आली नाही तर काय करणार म्हणून. आणि कोपरा, आमच्या टाउनशिपच्या पुढच्या सभेत मी फुटपाथबद्दल बोलणार आहे, शेजारचे आजोबाही येतो म्हणालेत. तुम्ही बोललात की इथे नक्की लिहा, लोक काय म्हणाले ते.