‘प्रेझेंटली’ म्हणजे सध्या की थोड्या वेळाने?

सांजवात: काटेकोर यांची ‘भारतीय इंग्रजीतल्या घोडचुका’ ही यादी वाचली. पहिलीच चूक ‘आय ॲम प्रेझेंटली वर्किंग’. म्हणे प्रेझेंटली म्हणजे ‘थोड्या वेळाने’, आणि ‘सध्या’ या अर्थी लिहिणारा अडाणी. हे वाचून गप्प बसवेना. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये एरियल विचारतो, ‘प्रेझेंटली?’ आणि प्रॉस्पेरो म्हणतो, हो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे तेव्हा अर्थ ‘ताबडतोब’. ‘सध्या’ हा अर्थही पंधराव्या शतकापासूनचा. इंग्लंडच्या लिखाणातून मागे पडला, स्कॉटलंड-अमेरिकेत टिकला. तुमचा ‘थोड्या वेळाने’च नंतरचा! माणसं ‘लगेच करतो’ म्हणत उशीर करत राहिली आणि शब्द ढिला पडला. ‘सून’चंही तेच, जुन्या इंग्रजीत तो ‘तत्क्षणी’ होता. १६११च्या बायबलात हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर ‘बाय अँड बाय’ मागते, ते आजच्यासारखं ‘यथावकाश’ नव्हे, तिथल्या तिथे हवं म्हणून.

काटेकोर: शेक्सपिअर उगाळून आज नोकरीचा अर्ज भरता येत नाही. शब्दातून दोन अर्थ निघत असतील तर ‘करंटली’ लिहा. मी मुलांना वर्गात हेच सांगतो आणि सांगत राहणार.

हडसनकाठ: अमेरिकेत ‘प्रेझेंटली’ सर्रास ‘सध्या’च. आमच्या घरात भांडण ‘मोमेंटरिली’वरून. वैमानिक म्हणतो ‘लँडिंग मोमेंटरिली’, म्हणजे आता उतरतोच. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलेले माझे सासरे दर वेळी चिडतात, की क्षणभरच उतरणार का?

मधलीसुट्टी: यादीत ‘प्रीपोन’ पण आहे, माझं दुखणं ते. पहिल्या नोकरीत मी मेलमध्ये ‘मीटिंग प्रीपोन केली आहे’, म्हणजे ठरल्याच्या आधी घेतली आहे, असं लिहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि विचारलं, मराठी मीडियम का? स्वतः मात्र बोलताना तोच शब्द वापरायचे. अशा याद्या कुणाच्या हातात पडतात याचा विचार करा.

काटेकोर: तसं हिणवणं वाईटच. पण इंग्लंडात तो शब्द कळत नाही, हे कुणीतरी सांगायला नको?

सांजवात: ‘कळत नाही’ आणि ‘चूक’ यांत फरक आहे हो! प्रीपोन ऑक्सफर्डच्या कोशात आहे. शिवाय १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्रात, पोस्टपोनला जोडीदार हवा म्हणून, तो सुचवलेला आहे.

मधलीसुट्टी: १९१३? आणि मी त्या दिवशी मान खाली घालून बसले होते!

हडसनकाठ: पण इथे तो रुजला नाही, आणि त्याची उणीव रोज भासते. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली म्हटलं, की काही जण सोमवार धरतात, काही शुक्रवार. प्रीपोनमध्ये हा घोळ नाही.

काटेकोर: दोन अर्थ नकोत, हा माझाच मुद्दा. त्या न्यायाने प्रीपोन यादीतून काढावा लागेल. काढतो. प्रेझेंटली राहील.

सांजवात: राहू द्या. पण ‘अडाणी’ काढा.

मधलीसुट्टी: हो, आधी ते काढा.

काटेकोर: काढलं. अर्जात मात्र ‘करंटली’च लिहा.